'टेक्निकली परमिट लागतं' म्हणजे परमिट घ्यायचं की नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून इंग्लंडला एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून गेलात. मॅन्युअल वाचताना काही अडत नाही, अडतं ते माणसांशी बोलताना. एका पंपाचं काम काढलं तेव्हा शिफ्टमधला जुना माणूस म्हणाला, "टेक्निकली, यू नीड अ परमिट फॉर दॅट," आणि खांदे उडवून निघून गेला. मग परमिट, म्हणजे जोखमीचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी, घ्यायचं की नाही? दुसऱ्यांदा स्टोअरमधून निरोप आला, "इन थिअरी, इट शुड बी हिअर बाय थर्सडे." तुम्ही मॅनेजरला गुरुवार सांगितलात, पार्ट आला पुढच्या मंगळवारी, आणि शब्द तुमचा खोटा पडला. आता महिन्याच्या अहवालात लिहायचंय की मॅन्युअलप्रमाणे तपासणी दर महिन्याला हवी, पण होते तीन महिन्यांतून एकदा. ते खोटंही होऊ नये आणि कुणाची चहाडी केल्यासारखंही वाटू नये. शब्दकोशात 'इन थिअरी', 'टेक्निकली', 'ऑन पेपर', 'इन प्रिन्सिपल', 'सपोज्ड टू' या सगळ्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. म्हणून तुम्ही विचारलंत की नियम आहे की नाही, एवढं तरी ही माणसं सरळ का सांगत नाहीत.

मी गेली २४ वर्षं यंत्रांची मॅन्युअलं आणि गुणवत्ता तपासणीचे अहवाल इंग्रजी-मराठी दोन्ही दिशांनी भाषांतरित करते, आणि चाकणपासून कोल्हापूरपर्यंतच्या कारखान्यांत परदेशी ऑडिटरांसोबत दुभाषी म्हणून उभी राहते. तुमची अडचण मी फार जवळून पाहिली आहे. माझ्या अनुभवात ती शब्दार्थाची कमी आणि वाक्याच्या न बोललेल्या भागाची जास्त असते. 'इन थिअरी' किंवा 'टेक्निकली' ऐकू आलं की समजा, वाक्य अजून संपलेलं नाही. पुढचा 'पण' बोलणाऱ्याच्या मनात आहे आणि तो ऐकणाऱ्याला आपोआप कळेल असं त्याने गृहीत धरलंय. इंग्रजीत वाढलेल्याला तो कळतो, आपल्याला कळत नाही, कारण आपण ही भाषा बरीचशी छापील पानावरून शिकलो.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी तुमच्या कारखान्यात नाही. तो माणूस कुठल्या सुरात बोलला, त्याचं तुमचं नातं कसं आहे, पंपाचं काम किती जोखमीचं होतं, यावर बरंच अवलंबून आहे. तरी कसं ऐकावं ते सांगू शकते.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते, कारण हा सगळा विषय मला तिथेच उमगला. दुभाषी म्हणून माझं तिसरं-चौथं वर्ष असेल. एका ब्रिटिश ऑडिटरने शॉपमधल्या सुपरवायझरला विचारलं, या यंत्राचं तेल किती दिवसांनी बदलता? सुपरवायझर म्हणाले, "नियमाने दर महिन्याला." मी इंग्रजीत सांगितलं की दर महिन्याला, नियमितपणे. ऑडिटरने रजिस्टर मागवलं. सहा महिन्यांत तीनच नोंदी होत्या. त्याने अहवालात लिहिलं की विभागाने दिलेली माहिती आणि नोंदी जुळत नाहीत. सुपरवायझरांचा चेहरा मला अजून आठवतो. कारण ते खोटं बोललेच नव्हते. 'नियमाने' म्हणजे नियमाप्रमाणे पाहिलं तर, हे त्यांना सांगायचं होतं, आणि पुढचा 'पण' ते बोलणारच होते. 'नियमाने' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, 'रोज नियमाने व्यायाम करतो' यातला एक आणि 'नियमाने हे चालत नाही' यातला दुसरा. मी चुकीचा उचलला आणि त्यांचा 'पण' गिळून टाकला. त्या जागी 'इन थिअरी, एव्हरी मंथ' एवढं म्हटलं असतं, तर ऑडिटरनेच पुढे विचारलं असतं, "अँड इन प्रॅक्टिस?" एका प्रामाणिक माणसाला खोटं ठरवणारं वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते अजून बोचतं. तेव्हापासून नियम आणि वहिवाट यांच्यामधली फट दाखवणारा शब्द आला की मी थांबते.

तुमच्या बाबतीत तेच उलट्या दिशेने झालं. स्टोअरच्या माणसाने फट दाखवली होती, ती मॅनेजरपर्यंत पोचताना बुजली.

आता आपल्या कानाला हे इंग्रजी विचित्र का वाटतं ते सांगते. मराठीत या फटीबद्दल बोलायला शब्द भरपूर आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांत राग किंवा टोमणा असतो. पुराणातली वांगी पुराणात, हे घ्या. वांगी खाऊ नका असं कीर्तनात सांगणारे बुवा घरी येऊन वांग्याची भाजी मागतात. म्हण नियमाबद्दल असली तरी बोट माणसाकडे आहे. 'बोलाचीच कढी बोलाचाच भात' म्हणताना आपण समोरच्याला फसवा ठरवतो. आणि 'कागदोपत्री' हा शब्द तर आपल्याकडे जवळजवळ आरोपच आहे. रस्ता कागदोपत्री झाला, म्हणजे पैसे कुणीतरी खाल्ले. त्यामुळे इंग्रज सहकारी सहज 'ऑन पेपर' म्हणाला की आपल्या डोक्यात लगेच भ्रष्टाचार येतो, आणि 'इन थिअरी' म्हणाला की तो नियमाची थट्टा करतोय असं वाटतं.

बहुतेक वेळा तसं काही नसतं. इंग्रजीत ही फट बिनरागाने सांगता येते. 'थिअरी' ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ पाहणे, निरखणे, आणि 'प्रॅक्टिस'च्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ करणे. लांबून पाहिलं तर असं दिसतं, करायला गेलं तर तसं होतं. त्यांची राज्यव्यवस्थाच याचं मोठं उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची संमती लागते आणि ती तो, इन थिअरी, नाकारू शकतो. प्रत्यक्षात शेवटचा नकार १७०८ साली राणी ॲनने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याच्या विधेयकाला दिला होता. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं कुणी नकार दिलेला नाही. अधिकार काढून घेतलेला नाही आणि तो वापरला जाईल असंही कुणी धरून चालत नाही. या स्थितीची तिथे कुणाला लाज वाटत नाही आणि चीडही येत नाही. आपल्याकडे याच्या सर्वात जवळ जाणारं वचन संस्कृतातून आलं आहे, शास्त्राद् रूढिर्बलीयसी. शास्त्रापेक्षा रूढी बळकट. त्यातही टोमणा नाही, नुसतं निरीक्षण आहे. 'इन थिअरी'चा सूर मनात बसवायचा असेल तर वांग्यांऐवजी हे वचन आठवा.

आता एकेक शब्द घेते. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण तुम्हाला खरी ठेच 'टेक्निकली'ने लागली आहे.

'टेक्निकली'चा यंत्रतंत्राशी संबंध नसतो. वर्तमानपत्रात 'तांत्रिक कारणावरून अर्ज फेटाळला' असं येतं, तिथला 'तांत्रिक' म्हणजे हा शब्द. नियमाचा शब्द न् शब्द धरून पाहिलं तर, असा त्याचा अर्थ. त्याचा एक निरुपद्रवी उपयोग आहे, जिथे दोन वेगळ्या नियमावल्या समोरासमोर येतात. टोमॅटो टेक्निकली फळ आहे, असं इंग्रजी बोलणारा कुणीही म्हणेल, म्हणजे वनस्पतिशास्त्राने. १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच वाद आला होता, कारण आयात जकात भाजीवर होती आणि फळावर नव्हती. न्यायालयाने शास्त्र मान्य केलं आणि तरी टोमॅटो भाजी ठरवला, कारण बाजारात आणि जेवणाच्या ताटात लोक त्याला भाजी म्हणूनच वागवतात. इथे 'टेक्निकली'ने कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरा उपयोग जोखमीचा. मोटरवेवरून जाताना कुणी तुम्हाला म्हणेल, "टेक्निकली इट्स सेव्हन्टी." ताशी ७० मैलांची ही मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. पण पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कारवाई कुठून सुरू करावी याचा सर्वसाधारण आकडा मर्यादेच्या दहा टक्के अधिक आणि वर २ मैल असा आहे. म्हणजे सत्तरच्या रस्त्यावर ७९. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून 'टेक्निकली'. पण त्याच सूचनांनुसार परिस्थिती पाहून त्याखालीही कारवाई करायचा अधिकार पोलिसांकडे राहतो. नियम झोपलेला आहे, मेलेला नाही. पाऊस पडत असेल, धुकं असेल, अपघात झाला असेल, तर तो जागा होतो, आणि तेव्हा 'सगळेच जातात' हे उत्तर कामाला येत नाही.

तुमच्या पंपाच्या परमिटवर हे लावून पाहा. त्या माणसाच्या एका 'टेक्निकली'त चार गोष्टी होत्या. परमिटचा नियम आहे. तो मला माहीत आहे. इथे लोक तो पुष्कळदा पाळत नाहीत. आणि चौथी, जी सर्वात महत्त्वाची: पाळू नको असं मी तुला सांगितलेलं नाही. त्याने उच्चारलेले शब्द पाहा, "यू नीड अ परमिट." उद्या काही झालं तर तो म्हणू शकेल की मी तर याला परमिट लागतं असं सांगितलं होतं, आणि ते खरंही असेल. त्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बहुतेक लोक सवयीने असं बोलतात. पण 'टेक्निकली' म्हणणारा स्वतःला नियमाच्या बाजूला उभं करतो आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोडतो, हे पक्कं लक्षात ठेवा. तो शब्द परवानगी नव्हे.

यात सुराचाही भाग आहे. ब्रिटिश इंग्रजीत जेव्हा मनात 'पण' असतो, तेव्हा वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरून पुन्हा किंचित वर उठतो. 'थर्सडे' म्हणताना आवाज उतरून तिथेच थांबला, तर गुरुवार बऱ्यापैकी पक्का. उतरून वर उठला, तर गुरुवारवर भार टाकू नका. कागदावर हा सूर उमटत नाही, म्हणून शब्दकोश तुम्हाला मदत करू शकला नाही. मी तरुण दुभाष्यांना रेकॉर्डिंग लावून फक्त वाक्यांची शेपटं ऐकायला सांगते. तुम्हीही चहाच्या सुट्टीत तेवढंच करून पाहा. महिनाभरात कान तयार होतो.

'इन थिअरी'चं तसं नाही. 'टेक्निकली' नियमाच्या अक्षरांबद्दल बोलतं, 'इन थिअरी' अंदाजाबद्दल. सगळं ठरल्याप्रमाणे घडलं तर, असा त्याचा अर्थ, आणि ठरल्याप्रमाणे घडेल यावर बोलणाऱ्याचा फारसा भरवसा नाही हेही त्यातच आलं. स्टोअरच्या माणसाने त्यावर 'शुड'ही चढवलं. म्हणजे एकाच वाक्यात दोनदा सांगितलं की मी हमी देत नाही. मराठीत हा निरोप असा झाला असता: "तसं पाहिलं तर गुरुवारपर्यंत यायला हरकत नाही." हे वाक्य तुम्ही नाशिकमध्ये ऐकलं असतं, तर मॅनेजरला गुरुवार पक्का म्हणून सांगितला असता का? मला नाही वाटत.

'शुड'वर थोडं थांबते, कारण ते तुम्हाला रोज भेटणार आहे आणि ते दोन वेगवेगळी कामं करतं. बोलण्यात ते अंदाज सांगतं, छापील नियमांत ते शिफारस सांगतं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तिकेत, जी १९३१ पासून निघतेय, हा भेद काटेकोर पाळलेला आहे. जिथे 'मस्ट' आहे तिथे कायदा आहे आणि मोडला तर गुन्हा. जिथे 'शुड' आहे तिथे सल्ला आहे. तो न पाळणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण अपघाताचा खटला उभा राहिला तर तो तुमच्याविरुद्ध दाखवला जाऊ शकतो. गाडीत सीटबेल्टला 'मस्ट' आहे, सायकलवर हेल्मेटला 'शुड'. तुमच्या कामातल्या आयएसओ मानकांतही असंच आहे, फक्त तिथे 'मस्ट'च्या जागी 'शल' येतं. 'शल' म्हणजे आवश्यक, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे मुभा, 'कॅन' म्हणजे शक्यता. हे चारही शब्द मराठीत सरसकट 'करावे' असे उतरवलेले मी कितीतरी मॅन्युअलांत पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. जिथे 'केलेच पाहिजे' हवं तिथे 'करावे' छापलं, तर वाचणारा कामगार ते सुविचारासारखं वाचून पुढे जातो.

'सपोज्ड टू' साधा दिसतो आणि चकवतो. 'यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर' ही मवाळ शब्दांतली मनाई आहे. मवाळ आहे म्हणून मनाई कमी होत नाही. 'इट्स सपोज्ड टू बी गुड' म्हणजे चांगलं आहे असं ऐकून आहे. आणि भूतकाळात गेला की तो जवळजवळ नेहमी सांगतो की गोष्ट झाली नाही. 'ही वॉज सपोज्ड टू चेक इट' म्हणजे त्याने तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही. आपल्याकडे 'गाडी पाचला यायची होती' म्हटलं की ती आली नाही हे जसं कळतं, तसंच. पण त्यात दोष कुणाचा तेही येतं, म्हणून अहवालात हा शब्द वापरताना फार जपा.

'ऑन पेपर'मध्ये इंग्रजी कानाला आरोप ऐकू येत नाही. संघ कागदावर भक्कम आहे, एवढंच. आरोप येतो तो 'ओन्ली ऑन पेपर' म्हटल्यावर.

'इन प्रिन्सिपल' आपल्याला चांगला कळतो, याचं श्रेय मी सरकारी मराठीला देते. एकदा एका लहान मशिनिंग युनिटच्या मालकांना परदेशी ग्राहकाची मेल आली की तुमचा दर आम्हाला इन प्रिन्सिपल पसंत आहे. मी भाषांतर केलं, दर तत्त्वतः मान्य. मालक लगेच म्हणाले, "म्हणजे अजून ऑर्डर नाही." बरोबर ओळखलं त्यांनी. तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निधी, अशा पायऱ्या पाहिलेल्या माणसाला 'तत्त्वतः' म्हणजे कल्पना मान्य, बाकी सगळं बाकी, हे शिकवावं लागत नाही. 'इन थिअरी'पेक्षा हा शब्द आशेचा आहे, त्यात खरी अनुकूलता असते. फक्त 'ऑन प्रिन्सिपल' वेगळा. 'आय रिफ्यूज ऑन प्रिन्सिपल' म्हणजे हे माझ्या तत्त्वात बसत नाही, विषय संपला.

आतापर्यंतचे सगळे शब्द एका दिशेचे होते, नियमात आहे, व्यवहारात नाही. उलट दिशेचेही शब्द आहेत आणि त्यांची गल्लत मी वारंवार पाहते. 'इफेक्टिव्हली', 'व्हर्च्युअली', 'ॲज गुड ॲज' हे सांगतात की नियमाने तसं नाही, पण व्यवहारात तसंच धरा. 'द लाइन इज इफेक्टिव्हली क्लोज्ड' म्हणजे बंदचा आदेश निघालेला नाही, पण तिथे काम होत नाही. इथे 'इफेक्टिव्हली'चं भाषांतर 'प्रभावीपणे' केलेलं मी छापील दस्तऐवजात वाचलंय, आणि त्याने अर्थच गेला. असा शब्द आला की विचारा, बोलणारा मला नियमावर भार टाकायला सांगतोय की व्यवहारावर? एवढं कळलं की अर्धं काम झालं.

तुम्ही असंही लिहिलंय की नियम असून पाळत नाहीत, तर मग इंग्लंड आणि आपल्यात फरक काय? याचं उत्तर द्यावंसं वाटतं, कारण ते भाषेतच आहे. तिथल्या कामगार चळवळीचं एक जुनं हत्यार आहे, 'वर्क टू रूल'. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला 'नियमानुसार काम' आंदोलन म्हणतात. संप करायचा नाही, फक्त नियमावलीतला प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा. काम मंदावतं, गाड्या खोळंबतात. एरवी काम चालतं ते माणसं आपल्या अनुभवाने नियमांना थोडी मोकळीक देतात म्हणून, हे व्यवस्थापन आणि कामगार दोघेही जाणतात. त्यामुळे तुमचा सहकारी 'टेक्निकली' म्हणतो तेव्हा आपण काही गैर कबूल करतोय असं त्याला वाटत नाही.

पण सुरक्षेच्या नियमांना ही मोकळीक लावता येत नाही, आणि इथे मी अगदी ठाम आहे. ब्रिटनचा कामाच्या जागेवरील आरोग्य आणि सुरक्षेचा कायदा १९७४ चा. त्यात मालकाचं कर्तव्य सांगताना शब्द आहेत, 'सो फार ॲज इज रीझनेबली प्रॅक्टिकेबल'. वाजवी रीतीने शक्य असेल तितकं. म्हणजे नियम आणि वास्तव यांच्यातली फट कायद्याने स्वतःच ओळखली आणि नियमाच्या आत घेतली. पण ती रुंद करून ठेवली नाही. एका कोळसा खाणीत वाटेची बाजू ढासळून कामगार मेला होता, त्या खटल्यात १९४९ साली अपील न्यायालयाने हे शब्द समजावले. एका पारड्यात धोका टाकायचा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, त्रास. दुसरं पारडं फारच जड आहे असं दिसलं, तरच मालकाला सूट, आणि ते दाखवायची जबाबदारी मालकाची. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही १९८७ च्या दुरुस्तीने हेच शब्द आले. तेव्हा 'परमिटला वेळ लागतो' ही सबब आधीच त्या पारड्यात मोजली गेलेली आहे. दोन तास विरुद्ध एक हात, हा तोल कुठे झुकतो हे सांगायला नको. आणि त्याच १९७४ च्या कायद्यात कामगारानेही स्वतःची आणि इतरांची वाजवी काळजी घ्यावी असं कलम आहे, म्हणजे ही जबाबदारी तुमचीही आहे.

'टर्न अ ब्लाइंड आय' हा वाक्प्रयोग तुम्हाला सुपरवायझरबद्दल ऐकू येईल. १८०१ च्या कोपनहेगनच्या आरमारी लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा नेल्सनने दुर्बीण आपल्या दृष्टी गेलेल्या डोळ्याला लावली, अशी त्याची गोष्ट सांगतात. आपला 'काणाडोळा' तोच. आज काणाडोळा करणारा उद्या नीट पाहू शकतो, आणि बहुधा अपघात झाल्यावरच पाहतो.

तर पंपाचं. परमिट घ्या. पण 'घेऊ का' असं विचारू नका, कारण मग पुन्हा खांदे उडतील. विचारा, "सो, डू वी रेज वन, ऑर इज देअर अ रिटन प्रोसीजर दॅट कव्हर्स इट?" काही नेहमीची कामं खरंच परमिटशिवाय, ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीने करता येतात, आणि कदाचित त्या माणसाला तेच म्हणायचं असेल. तसं असेल तर तो कागद दाखवेल. कागद नसेल तर परमिट, आणि पंपाचा वीजपुरवठा तोडून त्याच्या स्विचला तुमचं स्वतःचं कुलूप, म्हणजे दुसरं कुणी तो चालू करू शकणार नाही. पुढच्या शिफ्टच्या माणसाला तुम्ही आत काम करताय हे सुरावरून कळणार नाही.

गुरुवारचं. 'इन थिअरी' ऐकलं की दोन प्रश्न ठेवा, "हॅज इट बीन डिस्पॅच्ड?" आणि "व्हॉट कुड होल्ड इट अप?" हे उद्धट वाटत नाहीत. उलट तुम्हाला 'पण' ऐकू आला हे समोरच्याला कळतं. मग मॅनेजरला तारीख एकटी देऊ नका, तिच्यासोबत तिचा आधार द्या: पुरवठादार गुरुवार म्हणतोय, माल अजून निघालेला नाही.

अहवालाचं. वर सांगितलेल्या शब्दांपैकी एकही वापरू नका. बोलण्यात ते मऊ असतात, लेखी अहवालात टोचतात. 'इन थिअरी' तिथे उपहास वाटतो, 'सपोज्ड टू' दोषारोप, आणि 'ऑन पेपर' लिहिलंत तर कुणीतरी खोट्या नोंदी केल्या असा वास येतो. नियम आणि वास्तव यांना स्वतंत्र वाक्यं द्या आणि दोन्हींत माणूस आणू नका. "द मॅन्युअल रिक्वायर्स अ मंथली इन्स्पेक्शन." पूर्णविराम. "द करंट प्रॅक्टिस इज अ क्वार्टरली इन्स्पेक्शन." पूर्णविराम. मधे 'बट' किंवा 'हाउएव्हर' टाकायचा मोह होईल, तो आवरा. ते शब्द वाचणाऱ्याला बाजू घ्यायला लावतात. तिसऱ्या वाक्यात कारण, म्हणजे माणसं कमी की यंत्र बंद ठेवायला वेळ मिळत नाही. चौथ्यात तुमचा प्रस्ताव. कधीकधी प्रस्ताव असाही असू शकतो की तीन महिने पुरेसे आहेत का ते उत्पादकाला लेखी विचारावं. आणि अहवाल देण्याआधी तुमच्या सुपरवायझरला वाचून दाखवा, त्याला तो पहिल्यांदा मॅनेजरच्या टेबलावर दिसू नये.

एक अपवाद. वहीत दर महिन्याला तपासणी झाल्याच्या सह्या असतील आणि प्रत्यक्षात ती तिमाहीच होत असेल, तर शब्दांची निवड करत बसू नका. तिथे सही करू नका आणि थेट मॅनेजरशी बोला.

हँडओव्हरच्या, म्हणजे एका शिफ्टने पुढच्या शिफ्टला काम सोपवण्याच्या, वहीतलं एखादं वाक्य पुन्हा अडलं, तर ते जसंच्या तसं, आधीच्या आणि नंतरच्या ओळीसह लिहून पाठवा. आणि जमलं तर, बोलणाऱ्याचा आवाज शेवटी कुठे गेला तेही लिहा.